ट्यूब पेटवणारा लिओ

गिटार कधीच न शिकलेल्या एका रेडिओ रिपेअरवाल्याने जगाला गिटारचा आवाज दिला. त्याची कंपनी विकली गेल्यावर नव्या मालकांनी ट्यूब काढून ट्रान्झिस्टर बसवले, आणि गडबड झाली. लिओ फेंडरची ही गोष्ट.

डिसेंबर आला की वसईत गिटारला उसंत नसते. नाताळची गाणी, चर्चचा क्वायर, लग्नं, वर कॉलेजचे फेस्ट. गेल्या डिसेंबरात आमचा चार जणांचा बँडही अशाच एका छोट्या कार्यक्रमाच्या तयारीला लागला होता. प्रॅक्टिसची जागा म्हणजे मित्राच्या घरामागची पडवी. ड्रम्स सुरू झाले की गिटार ऐकूच येईना. म्हणून आमच्या छोट्याशा ॲम्पचा व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवला. आवाज वाढला, पण तो गिटारचा राहिला नाही. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून हलवावेत तसलं काहीतरी बाहेर यायला लागलं.

ॲम्प बिघडला असं ठरवून आम्ही तो स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी उघडला, तपासला आणि परत बंद केला. काहीही बिघडलेलं नाही, हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प आहे, त्याच्या ताकदीबाहेर ओढलात तर तो असाच किंचाळणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. व्हॉल्व्हचा असता तर एवढा ओढल्यावर उलट गोड झाला असता, हेही त्यांनी सांगितलं. पैसे घेतले नाहीत. मागच्या फळीवर त्यांनी जपून ठेवलेला व्हॉल्व्हचा रेडिओ मात्र कौतुकाने लावून दाखवला. आधी काहीच नाही. मग हळूहळू काचेच्या नळ्यांत नारिंगी उजेड आला आणि त्यामागून आवाज.

मी बास वाजवते. त्या नारिंगी उजेडाचं आणि माझ्या बासचं काय नातं आहे हे शोधायला बसले, तर दोन्हीकडून एकाच माणसापाशी जाऊन पोचले. तोही रेडिओ रिपेअरवालाच निघाला.

संत्र्यांच्या बागेतला रेडिओवेडा

क्लॅरन्स लिओनिदास फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या पट्ट्यात. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आपल्या वसईत जशी केळी, तशी तिथे तेव्हा संत्री. आठव्या वर्षी ट्यूमरमुळे लिओचा एक डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा बसवला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही, त्यामागचं कारणही हेच.

लिओच्या एका काकांचं मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना त्यांनी त्याला जुन्या पार्ट्सनी भरलेलं खोकं पाठवलं. नंतर तो त्यांच्या दुकानात गेला, तेव्हा त्यांनी सुट्या भागांतून स्वतः जोडलेला रेडिओ समोर मोठ्याने वाजत होता. तो आवाज पोराच्या डोक्यात बसला तो कायमचा. घरी येऊन त्याने रेडिओ उघडायला, जोडायला आणि दुरुस्त करायला सुरुवात केली. थोडा पियानो आणि थोडा सॅक्सोफोन तो शिकला होता. गिटार मात्र नाही. आयुष्यभर नाही.

आता कोणालाही वाटेल की पुढे तो इंजिनीअर झाला असणार. तर नाही! फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात त्याने अकाउंटिंग घेतलं. आपल्याकडे अनेक जण करतात तेच, आवड एकीकडे आणि डिग्री दुसरीकडे. इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स त्याने कधीच केला नाही. बर्फ आणि कोल्ड स्टोरेजच्या एका कंपनीत कामाला लागला आणि तिथेच हिशेब लिहू लागला. त्याच सुमारास एका स्थानिक बँडवाल्याने त्याच्याकडून नाचाच्या कार्यक्रमांसाठी सहा लाउडस्पीकर सिस्टिम बनवून घेतल्या. १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. मग सरकारी हायवे खात्यात हिशेबनीसाची नोकरी मिळाली. पण तो महामंदीचा काळ होता. ती नोकरी गेली. पुढे एका टायर कंपनीत लागला, तीही सहा महिन्यांत गेली.

सहाशे डॉलरचं दुकान

१९३८. हाताला नोकरी नाही. लिओने सहाशे डॉलर उसने घेतले आणि फुलर्टनला परत येऊन दुकान टाकलं. नाव ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचे, लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे, असा धंदा. गावातले वादकही आपली बिघडलेली यंत्रं घेऊन तिथेच यायला लागले.

इथे लिओच्या हातात एक गोष्ट आली जी मोठ्या फॅक्टऱ्यांकडे नव्हती. बाजारातला प्रत्येक ॲम्प कुठे मोडतो हे त्याला रोज बघायला मिळत होतं. कुठला जोड सुटतो, काय जळतं, कुठे हात पोचत नाही. वादक काय तक्रार करतात हेही तो रोज ऐकत होता.

दुकानात येणाऱ्या डॉक कॉफमन या वादकाबरोबर त्याने १९४५ मध्ये ‘के अँड एफ’ नावाची कंपनी काढली. मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार आणि तिच्या जोडीला ॲम्प, असा त्यांचा माल होता. वर्षभरात कॉफमन बाहेर पडला आणि १९४६ पासून कंपनी फेंडरच्या नावाने सुरू झाली.

पुढची यादी गिटारवाल्यांना पाठ असते. १९५० मध्ये अखंड लाकडाची इलेक्ट्रिक गिटार आली. तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं, पण ग्रेच कंपनीचे ड्रम्स त्याच उच्चाराच्या नावाने विकले जात असल्याने ते बदलावं लागलं आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी प्रिसिजन बास आला. तोपर्यंत बास म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य होतं. ते गाडीत मावायचं नाही आणि बँडमध्ये ऐकूही यायचं नाही. लिओने त्याला गिटारसारखं गळ्यात अडकवलं आणि पट्ट्या बसवून सूर नेमका लागेल अशी सोय केली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. आज वसई-विरारच्या कुठल्याही म्युझिक शॉपमध्ये जा, भिंतीवर टांगलेल्या निम्म्याअधिक इलेक्ट्रिक गिटार याच दोघींच्या पोरी-नाती दिसतील.

हे सगळं त्याने स्वतः न वाजवता केलं. त्याची पद्धत एकदम साधी होती. नवा नमुना बनवला की तो आसपासच्या वादकांना वाजवायला द्यायचा. मग त्यांच्या कार्यक्रमाला जायचं, ऐकायचं, विचारायचं. कधी कधी तर चालू कार्यक्रमात ॲम्पपाशी जाऊन खुडबुड करायची. पुन्हा दुकानात यायचं आणि बदलायचं. रिपेअरवाल्याची नजर त्याच्या डिझाइनमध्ये सगळीकडे दिसते. गिटारची मान स्क्रूने लावलेली, खराब झाली तर काढून दुसरी बसवा. ॲम्पच्या आत कुठली ट्यूब कुठे बसते याचा कागद चिकटवलेला. पुढचा रिपेअरवाला अडकू नये याची सोय त्याने आधीच केलेली असायची.

ट्यूब म्हणजे काय भानगड?

आता थोडं सायन्स, घाबरू नका. ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट नव्हे. आपले जुने रेडिओवाले जिला व्हॉल्व्ह म्हणतात तीच ही वस्तू. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली. आत एक भाग तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरची पट्टी त्यांना ओढून घेते. मध्ये एक जाळी असते. जाळीवरचा व्होल्टेज किंचित बदलला की इलेक्ट्रॉनचा सगळा लोंढा बदलतो. नळाच्या चावीला नुसता हात लावला तरी पाण्याची धार बदलते ना, तसंच. गिटारच्या पिकअपमधून साधारण एका व्होल्टपेक्षाही कमी सिग्नल येतो. तो या जाळीवर द्यायचा आणि पलीकडून स्पीकर हलवण्याइतका मोठा करून घ्यायचा. झाला ॲम्प.

तीन टोकांची अशी ट्यूब १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने बनवली. पुढची चाळीस-एक वर्षं रेडिओ, टेलिफोन, सुरुवातीचे कॉम्प्युटर, सगळं तिच्यावर चाललं. पण तिचे नखरे खूप. तापते, वीज खाते, काच फुटते, काही काळाने म्हातारी होते आणि तिला शेकडो व्होल्ट लागतात. म्हणून एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. ट्यूब ॲम्प प्लगमधून काढल्यावरही आत काही वेळ जीवघेणा करंट साठलेला असतो, तो उघडून बघायच्या भानगडीत अजिबात पडू नका.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. तेच काम, पण ना काच, ना तापवणं, ना पोकळी. सगळा खेळ एका घन स्फटिकात, म्हणून नाव सॉलिड स्टेट. १९५६ मध्ये बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्यासाठी नोबेल मिळालं. रेडिओ खिशात मावायला लागला. आपल्याकडे तर त्या छोट्या रेडिओलाच लोक ट्रान्झिस्टर म्हणायला लागले. आजही आजी-आजोबांना विचारा, ट्रान्झिस्टर म्हणजे त्यांच्यासाठी क्रिकेटची कॉमेंट्री आणि बिनाका गीतमालाच.

मग गिटारच्या ॲम्पमध्येही ट्यूब काढून ट्रान्झिस्टर बसवला की झालं, असं वाटणं साहजिक होतं. पण इथेच पेच आहे.

विरार लोकल आणि एसी लोकल

घरातल्या रेडिओचा आवाज फाटला तर आपण व्हॉल्यूम कमी करतो. गिटारिस्ट उलटं करतो. तो मुद्दाम ॲम्पला त्याच्या मर्यादेपर्यंत ढकलतो, कारण तिथे आवाज जाड होतो, सूर लांबतो, गिटार गायला लागते. ब्लूज आणि रॉकचा अर्धा जीव या फाटण्याच्या सीमारेषेवर आहे.

या रेषेवर ट्यूब आणि ट्रान्झिस्टर अगदी वेगळे वागतात. ट्यूब ॲम्प म्हणजे आपली साधी विरार लोकल. गाडी भरली तरी कोणी थांबत नाही. थोडं आत सरकतात, थोडं दबतात आणि आणखी चार जण मावतात. सिग्नल वाढत जातो तशी ट्यूब त्याचा माथा हळूहळू दाबत नेते. कानाला ते गोलसर आणि भरीव लागतं. जोरात छेडलं तर फाटतं, हलकं छेडलं तर पुन्हा स्वच्छ होतं. म्हणजे बोटांचं बळ थेट आवाजात उतरतं.

साधा ट्रान्झिस्टर ॲम्प म्हणजे एसी लोकल. दार बंद होईपर्यंत सगळं थंड आणि शिस्तीत. दार बंद झालं की विषय संपला. क्षमतेपर्यंत आवाज एकदम स्वच्छ असतो, पण क्षमता संपली की सिग्नलचा माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट होतो. त्यातून जे कर्कश सूर निघतात, ते म्हणजे आमचा पडवीतला खड्यांचा डबा.

फेंडरचा बासमन ॲम्प १९५२ मध्ये नावाप्रमाणे बाससाठी आला होता. पुढे त्यात चार दहा-इंची स्पीकर बसले आणि गिटारवाल्यांनी तो पळवला, कारण त्यांना त्याचं फाटणं आवडलं. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ मध्ये आपला पहिला ॲम्प बनवला, तो याच बासमनचं सर्किट समोर ठेवून. म्हणजे जिमी हेंड्रिक्स हातात स्ट्रॅटोकास्टर घेऊन मार्शलवर वाजवतो, तेव्हा गिटारही लिओची आणि ॲम्पही लिओच्या घराण्यातला!

कॅलिफोर्नियातल्या डिक डेलची गोष्ट याच्या उलट. त्याला प्रचंड मोठा, तरीही स्वच्छ आवाज हवा होता. लिओचे ॲम्प आणि स्पीकर तो एकामागून एक उडवत गेला. लिओ त्याच्या कार्यक्रमाला जाऊन गर्दीत उभा राहिला आणि हा माणूस एवढा आवाज का मागतोय ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग ताकदवान शोमन आणि ड्युअल शोमन हे ॲम्प घडले.

याच काळातली एक बारीक गोष्ट मला फार आवडली. ॲम्पमध्ये विजेचं एसीचं डीसी करायलाही एक ट्यूब असायची. १९६३ च्या ट्विन रिव्हर्बसारख्या मोठ्या ॲम्पमध्ये तिच्या जागी सिलिकॉन डायोड बसवलेले होते, म्हणजे सॉलिड स्टेटच. डिलक्स रिव्हर्बसारख्या छोट्या ॲम्पमध्ये मात्र ती ट्यूब राहिली. तिच्यामुळे जोरात वाजवल्यावर व्होल्टेज किंचित बसतं आणि आवाजाला एक मऊपणा येतो. जिथे दणदणीत स्वच्छ आवाज हवा तिथे डायोड, जिथे मऊपणा चालतो तिथे ट्यूब. म्हणजे ट्यूब काढून सॉलिड स्टेट घालणं लिओच्या कंपनीला नवीन नव्हतंच. प्रश्न कुठे घालायचं हा होता.

एक कोटी तीस लाख डॉलर

पन्नाशीच्या दशकात लिओला सायनसचा जिवाणू संसर्ग झाला आणि तो काही केल्या हटेना. तब्येत इतकी ढासळली की आपण फार काळ जगणार नाही असं त्याला वाटू लागलं. कंपनी तर वाढतच होती. शेवटी त्याने विकायचं ठरवलं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टीव्हीच्या बड्या कंपनीने फेंडर विकत घेतली. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. आदल्याच वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल टीमचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाख डॉलरला घेतला होता, त्यावरून अंदाज करा. आणि नशिबाचा खेळ बघा. विक्री झाल्यावर लिओने डॉक्टर बदलला आणि तो ठणठणीत बरा झाला!

पण आता कंपनी त्याची नव्हती. करारानुसार तो सल्लागार होता. त्याला वेगळी जागा दिली होती, तिथे तो काहीबाही प्रयोग करत बसायचा. निर्णय दुसरीकडे होत होते.

१९६६ मध्ये नव्या मालकांनी फेंडरची सॉलिड स्टेट ॲम्पची मालिका आणली. हे चूक होतं असं तेव्हा कोणाला वाटलं असेल? जग अंतराळयुगात होतं. ट्रान्झिस्टर हलका आणि आधुनिक, तर ट्यूब म्हणजे आजोबांचा रेडिओ. व्हॉक्ससारख्या प्रतिस्पर्ध्यांनीही तीच वाट धरली होती. नव्या ॲम्पना नावं जुनीच दिली गेली: बासमन, ट्विन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब. आतला जीव मात्र बदललेला.

कंपनीत फॉरेस्ट व्हाइट नावाचा माणूस होता. १९५४ पासून फॅक्टरी सांभाळणारा, लिओच्या विश्वासातला. हे ॲम्प फेंडरच्या नावाला शोभत नाहीत असं त्याचं स्पष्ट मत होतं. त्यांना मंजुरीची सही द्यायला त्याने नकार दिला आणि डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा देऊन तो बाहेर पडला.

इथे मी वाचता वाचता थांबले. बारा वर्षांची नोकरी, चांगलं पद, आणि एका सहीसाठी ते सोडून देणं. आपण सगळे आता इंटर्नशिप, प्लेसमेंट, पॅकेज या चक्रात आहोत. आपल्याला न पटलेल्या गोष्टीवर सही करायची वेळ पहिल्याच नोकरीत येऊ शकते. तेव्हा आपण काय करू? मला खात्रीने उत्तर देता येत नाही.

बाजाराने व्हाइटच्या बाजूने कौल दिला. गिटारिस्टना नव्या ॲम्पचा आवाज रुचला नाही. त्या वेळचे पॉवर ट्रान्झिस्टर नाजूक होते, उष्णतेने आणि शॉर्टसर्किटने जायचे, त्यामुळे बिघाडही होत राहिले. १९७१ पर्यंत या मालिकेचा गाशा गुंडाळला गेला. त्याच कंपनीचे ट्यूबवाले ॲम्प मात्र तेव्हाही विकले जात होते.

मग लिओ ट्यूबवादी होता का?

इथपर्यंत वाचून वाटेल की गोष्टीचं तात्पर्य ठरलं, जुनं ते सोनं. मलाही तसंच वाटलं होतं. पण लिओचं पुढचं आयुष्य हे तात्पर्य उलटवून टाकतं.

विक्रीच्या करारात दहा वर्षं स्पर्धा न करण्याची अट होती. फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी १९७१ मध्ये एक कंपनी काढली आणि लिओने मागे राहून पैसा घातला. १९७४ मध्ये तिला म्युझिक मॅन हे नाव मिळालं आणि अट संपल्यावर १९७५ मध्ये लिओ तिचा अध्यक्ष झाला. आता सांगा, या कंपनीचा पहिला माल काय असेल? अस्सल जुना ट्यूब ॲम्प? नाही. ‘सिक्स्टी फाइव्ह’ नावाचा ॲम्प आला, जो टॉम वॉकर आणि लिओ यांनी मिळून बनवला होता. त्यात सिग्नल पहिल्यांदा वाढवणारा आणि त्याला रंग देणारा भाग इंटिग्रेटेड सर्किटचा, म्हणजे सॉलिड स्टेट. शेवटी स्पीकरला ढकलणारा भाग ट्यूबचा. अर्धं नवं, अर्धं जुनं.

म्हणजे ज्या व्हाइटने सॉलिड स्टेटपायी राजीनामा दिला, त्याच व्हाइटच्या कंपनीच्या पहिल्या ॲम्पमध्ये सॉलिड स्टेट! यात विसंगती नाही. छोटा सिग्नल स्वच्छ आणि स्थिर ठेवायला सर्किट उत्तम. मोठ्या ताकदीच्या टोकाला, जिथे आवाज दबतो आणि फुलतो, तिथे ट्यूब उत्तम. ज्याचं काम त्याला दिलं.

१९७६ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे बास आला. त्यात बासच्या पोटातच बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प बसवलेला होता. माझ्या बासमध्येही तशीच नऊ व्होल्टची बॅटरी आहे. ऐन कार्यक्रमात ती संपते तेव्हा मी तिला काय काय बोलते ते इथे छापता येणार नाही.

पुढे म्युझिक मॅनमध्ये भागीदारांचं बिनसलं. १९७९ मध्ये एस्थर गेली. सत्तरीतला लिओ पुन्हा उभा राहिला आणि जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्याने जी अँड एल ही तिसरी डाव मांडली. १९८० मध्ये फिलिसशी दुसरं लग्न केलं. पार्किन्सनने हात थरथरायला लागले तरी तो रोज कारखान्यात जात राहिला, अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. वय ८१. पुढच्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं, गिटार न वाजवता.

आणि सीबीएस? वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी फेंडर कंपनी तिथल्याच काही लोकांच्या गटाला विकली. किंमत १ कोटी २५ लाख डॉलर. घेतली त्यापेक्षाही कमी.

आज काय घ्यायचं?

ट्रान्झिस्टरला व्हिलन करून हा लेख संपवला तर तो अन्याय होईल. १९७५ मध्ये रोलँडचा जेसी-१२० आला, पूर्ण सॉलिड स्टेट. त्याने ट्यूबची नक्कल करायचा हट्ट धरला नाही. ट्रान्झिस्टरला जे जमतं, म्हणजे काचेसारखा स्वच्छ आवाज, त्यावरच तो उभा राहिला आणि आजही विकला जातो. ब्लूजचा राजा बी. बी. किंग अनेक वर्षं लॅब सीरीज या सॉलिड स्टेट ॲम्पवर वाजवायचा. त्याचा आवाज कोरडा आहे असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

खुद्द फेंडर कंपनीने २०१९ मध्ये टोन मास्टर मालिका काढली. त्यात एकही ट्यूब नाही, जुन्या सर्किटचं वागणं डिजिटल पद्धतीने उभं केलेलं आहे. गंमत म्हणजे २२ वॉटच्या ट्यूबवाल्या डिलक्स रिव्हर्बची बरोबरी करायला त्यांनी १०० वॉटचा डिजिटल भाग घातला. जोरात छेडल्यावरही कात्री लागू नये म्हणून वर एवढी मोकळी जागा ठेवली. १९६६ मध्ये फसलेला प्रयोग ५३ वर्षांनी जमला, कारण या वेळी जुना ॲम्प कसा फाटतो हे आधी नीट ऐकलं गेलं.

आपल्या खिशाचाही विचार करायला हवा. ट्यूब आता मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात. एकेकाळी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनायचे, ते दिवस गेले. ट्यूब ॲम्प महाग, जड, आणि त्याचा जीव ओतलेला आवाज काढायला व्हॉल्यूम एवढा वाढवावा लागतो की सोसायटीचे सेक्रेटरी दारात येतील. तो खांद्यावर घेऊन ५.४५ च्या विरार लोकलमध्ये चढायचं आहे? शुभेच्छा. घरी रियाजाला छोटा सॉलिड स्टेट किंवा डिजिटल ॲम्प पुरेसा आहे. फक्त त्याला त्याच्या दाराबाहेर ढकलू नका.

आमचंही काम शेवटी असंच झालं. काकांचा सल्ला ऐकून कार्यक्रमाच्या दिवशी त्याच छोट्या ॲम्पचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवला, समोर माइक लावला आणि मोठ्या आवाजाचं काम लाउडस्पीकरवर सोपवलं. गिटार गिटारसारखी वाजली. एक रुपयाही खर्च झाला नाही.

नंतर काकांना सांगायला गेले तेव्हा ते कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. फळीवरचा व्हॉल्व्हचा रेडिओ बंद होता आणि शेजारी मोबाइलवर जुनी गाणी लागली होती. मला हसू आलं. ट्यूब की ट्रान्झिस्टर, हा वाद त्यांच्या लेखी नव्हताच. समोर आलेला माणूस काय ऐकू इच्छितो, एवढंच ते बघत होते. फुलर्टनच्या त्या सहाशे डॉलरच्या दुकानातही बहुधा असंच काहीसं दृश्य असणार.